धरित्रीच्या पोटांतील नोंदींचा प्रवास

विहीर खणण्यापूर्वीं पानाड्यास बोलावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पानाड्या जागा दाखवितो. पण ती त्यानें कशावरून ओळखली, हें विहिरीच्या धन्यास कळण्याचा मार्ग नसतो. विश्वास ठेवावा आणि पैसा घालावा, एवढेंच त्याच्या हातीं. खनिज तेलाच्या विहिरींचें काम याहून कितीतरी शास्त्रशुद्ध खरें. तथापि तेथेंहि, पैसा घालणाऱ्यास मूळ पुरावा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येतो कीं नाहीं, हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे.

४ जून १९२१ रोजीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा शहराजवळ बेल आइल येथें जॉन क्लॅरेन्स कार्चर व त्याचे सहकारी यांनीं जमिनींत सुरुंग उडविला, आणि त्याच्या लहरी खालच्या खडकांवर आदळून परत येतात त्या यंत्रानें टिपण्याचा प्रयोग केला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें आर्बकल डोंगरांत या रीतीनें खडकांच्या थरांचा छेद काढण्यांत आला. विहिरींत खडा टाकून आवाज येईपर्यंत आंकडे मोजणारें पोरहि जवळजवळ हेंच करीत असतें. लहर २ सेकंदांत परत आली आणि तिचा सरासरी वेग सेकंदास ३००० मीटर असला, तर थर ३००० मीटर खोल. मेख आहे ती वेगांत. तो खडकाखडकागणिक बदलतो. अशाच नोंदींच्या भरंवशावर मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटर दूर भर समुद्रांत 'सागर सम्राट'नें विहीर खणली आणि १९७४ सालीं तेल लागलें.

आरंभींच्या काळांत ही नोंद फोटोग्राफीच्या कागदावर उमटे. रानांतच ती धुवून काढीत. तिच्यावर बोट ठेवून धन्यास 'हा पाहा थर' असें सांगतां येई. १९५० नंतर चुंबकीय फीत आली आणि १९६० नंतर अंकीय नोंद व संगणक आले. एकाच बिंदूवरून परतलेल्या अनेक लहरी एकत्र मिळवून गोंगाट दाबण्याची हॅरी मेन याची युक्ति यामुळें सुकर झाली. शास्त्राची प्रगति झाली खरी, पण मूळ नोंद धन्याच्या टेबलावरून उठून मोठ्या संगणकाच्या दालनांत जाऊन बसली. त्याच्या हातीं आलें तें छापील चित्राचें भेंडोळें. आणि चित्राचें एक वर्म असें कीं, लहरींचा जोर किती पटींनीं वाढवून छापावा हें छापणाराच ठरवितो. पटी वाढविली कीं क्षीण थरहि ठळक दिसूं लागतो! ज्याच्या पैशानें विहीर खणावयाची, त्याला ही पटी बदलून पाहण्याची सोय नव्हती.

ती सोय होण्यास प्रथम नोंदींची एक सामाईक लिपि हवी होती. अमेरिकेंतील भूभौतिकज्ञांच्या संस्थेनें १९७५ सालीं 'सेग-वाय' नांवाची अशी लिपि प्रसिद्ध केली. तिच्यांत आरंभीं ३६०० बाइटांचें मथळ्याचें पान असतें. पुढें प्रत्येक लहर-नोंदीस २४० बाइटांचा स्वतःचा मथळा, आणि मग आंकडे. ६ सेकंदांची नोंद दर ४ सहस्रांश सेकंदास मोजली, तर १५०० आंकडे होतात. प्रत्येकास ४ बाइट धरल्यास मथळ्यासह ६२४० बाइट. असल्या एक कोटी नोंदींचा संग्रह ६२ अब्ज बाइटांवर जातो.

एवढा डोलारा छोट्या लॅपटॉपवर कसा दाखवावा? युक्ति सोपी आहे, आणि सुबकहि. सगळ्या नोंदी सारख्या लांबीच्या असल्या म्हणजे दहा हजारावी नोंद कोठें सुरू होते हें गुणाकारानेंच समजतें; पोथींतील नेमकें पान उघडावें तसा तेवढाच भाग वाचावयाचा. पडद्यावर मावतात त्या दोन-एक हजार उभ्या रेघा. बाकीच्या कोट्यवधि नोंदींना हात लावण्याचें कारणच नाहीं. म्हणून असली प्रणाली लहान राहूं शकते, खिशांतल्या पेन ड्राइव्हवर मावते, आणि तेथूनच चालते. याचें महत्त्व धन्याच्या कचेरींत गेल्यावर कळतें. कारण तेथील संगणकावर परक्यास नवी प्रणाली बसवूं देत नाहींत, आणि गुप्त नोंदी बाहेरहि नेऊं देत नाहींत. नोंदी जागच्या हालत नाहींत. पाहण्याचें साधन मात्र त्यांच्या भेटीस येतें. धनी शेजारीं बसून म्हणूं शकतो, 'जोर कमी करा पाहूं,' आणि ठळक दिसणारा थर टिकतो कीं विरतो हें त्याच क्षणीं दिसतें.

जुन्या काळाच्या खुणा या लिपींत अद्याप शिल्लक आहेत. मथळ्याच्या पानावर ८० अक्षरांच्या ४० ओळी असतात, कारण १९७५ सालीं मजकूर भोकें पाडलेल्या ८० रकान्यांच्या पत्त्यांवर लिहीत. २००२ सालीं लिपि सुधारली, तरी त्या ओळी तशाच राहिल्या. त्यांच्या मूळ नमुन्यांतील पहिल्याच ओळींत पहिली जागा राखून ठेविली आहे ती 'क्लायंट'च्या, म्हणजे पैसा घालणाऱ्या धन्याच्या, नांवासाठीं.