तात्पुरत्या नियमांचे आठ महिने

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

६ ऑगस्ट २०२१ रोजी भंडारा जिल्ह्यातला अखेरचा करोना रुग्ण बरा होऊन घरी गेला. त्या दिवशी तपासलेल्या ५७८ नमुन्यांपैकी एकही बाधित निघाला नाही. सक्रिय रुग्ण नसलेला महाराष्ट्रातला पहिला जिल्हा म्हणून भंडाऱ्याचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. धान आणि पितळेची भांडी सोडली तर आमच्या जिल्ह्याचे नाव पहिल्या पानावर यावे असे प्रसंग थोडेच, म्हणून लोकांना या बातमीचे अप्रूप वाटले. त्याच एप्रिलमध्ये एका दिवसात दीड हजारांवर नवे रुग्ण आणि एका वेळी बारा हजारांवर सक्रिय रुग्ण अशी जिल्ह्याची अवस्था होती. साथीने ११३३ माणसे नेली होती. तेव्हा मुखपट्टी लावा, फिरू नका, असे सांगणाऱ्यांवर कोणी चिडले नव्हते. चिडचिड सुरू झाली ती रुग्ण शून्यावर आल्यानंतर. कारण रुग्ण गेले तरी नियम तसेच राहिले. ते गेले २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी. मधले आठ महिने मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फार बोलके वाटतात.

ज्या कायद्याचा आधार घेऊन १३ मार्च २०२० ला राज्यात हे पर्व सुरू झाले तो साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७ सालचा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आला आणि पुढच्या फेब्रुवारीत हा कायदा मंजूर झाला. कायदा एवढासा, जेमतेम चार कलमांचा. साथ रोखण्यासाठी सरकारला तात्पुरते नियम करता येतील, रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करता येईल, संशयितांना वेगळे ठेवता येईल, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्हेतूने अंमल करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. नियम 'तात्पुरते' असावेत असे कायद्यात लिहिले आहे. पण तात्पुरते म्हणजे किती दिवस, ते मात्र लिहिलेले नाही. मुदत नाही, फेरविचाराची तारीख नाही, नियम उठवण्याची कसोटी नाही.

प्लेगच्या काळात या कायद्याखाली काय झाले ते पुण्याच्या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. गोऱ्या सोजिरांनी घेतलेल्या घरझडत्या, त्यावरचा संताप आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेला हल्ला. आगगाडीतल्या उतारूंचे हाल तितके सांगितले जात नाहीत. गाडी थांबवून माणसांना खाली उतरवायचे, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपायचे, ताप वाटला तर छावणीत पाठवायचे. बायकांच्या तपासणीवरून तर ठिकठिकाणी वाद झाले. आणि त्या वेळी एक गोष्ट कोणालाच नीट माहीत नव्हती. प्लेग पसरत होता तो उंदरांवरच्या पिसवांमधून. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये हे मांडले, तरी ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. उतारू फलाटावर रांगेत उभे असताना धान्याच्या पोत्यांतून उंदीर आणि पिसवा बिनतिकीट पुढच्या गावी जात होत्या!

खेड्यातल्या लोकांनी मात्र स्वतःचा नियम केला होता. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे, शेतात झोपड्या घालून राहायचे. उंदीर आणि माणसे मरायची थांबली की परत यायचे. हाल यातही होतेच. पण गाव कधी सोडायचे आणि घरी कधी परतायचे, हे दोन्ही एकाच खुणेवरून ठरे, आणि ती खूण सर्वांना दिसत असे. सरकारी नियमात नेमके हेच नव्हते. १९१८ च्या मानमोडीने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हाहाकार उडवला, तेव्हा प्लेगसारखी सक्ती झालीच नाही. म्हणून त्या साथीच्या आठवणीत मृत्यू आहेत, पण नियमांवरचा राग नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. २०२१ च्या एप्रिलमध्ये जिल्ह्याबाहेर जायला पुन्हा ई-पास लागू झाला. भंडारा आणि गोंदिया हा १ मे १९९९ पर्यंत एकच जिल्हा होता. बावीस वर्षांत कागदावरची रेघ कोणाच्या लक्षातही येत नव्हती. तुमसरची लेक तिरोड्याला दिलेली, साकोलीचा माणूस अर्जुनी मोरगावला शेती करतो, असा सगळा सोयरसंबंध. त्या रेघेवर आता बॅरिकेड आले. प्रवासाच्या मान्य कारणांत अंत्यविधी होता. तेरवीचे नाव नव्हते. आमच्या नात्यातल्या एका तेरवीला पलीकडची माणसे आली नाहीत. ती बोच घरात अजून निघते. ज्यांनी ती चूक मानली त्यांना मी दोष देत नाही, आणि त्या एप्रिलमध्ये नियम करणाऱ्यांनाही नाही.

पण ३ जूनचा प्रसंग पाहा. तत्कालीन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी अठरा जिल्ह्यांतले निर्बंध उठणार असे जाहीर केले. यादीत भंडारा होते. संध्याकाळपर्यंत खुलासा आला की निर्णय अजून झालेला नाही. दोन दिवसांनी पाच स्तरांचा आदेश निघाला आणि ७ जूनपासून लागू झाला. साथीपेक्षा या धरसोडीनेच लोक अधिक वैतागले, असे माझे मत आहे.

पुढे २७ नोव्हेंबर २०२१ चा आदेश आला. जिल्हा शून्यावर येऊन तेव्हा जवळजवळ चार महिने झाले होते. मुखपट्टी नसेल तर ५०० रुपये दंड. सार्वजनिक वाहनाने जायचे तर लसीच्या दोन्ही मात्रा हव्यात. (त्या दिवसांत एसटीचा संप चालू होता, म्हणजे मात्रा घेतलेल्यांनाही बस नव्हतीच.) त्यात एक वाक्य होते : तोंडाला बांधलेला रुमाल ही मुखपट्टी समजली जाणार नाही. विदर्भातला माणूस उन्हाळाभर तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतो. शिवाय २०२० च्या एप्रिलमध्ये घरगुती कापडी आवरण वापरा असे केंद्र सरकारनेच सांगितले होते. वैद्यकीय दृष्ट्या रुमालाचा उपयोग कमी, हे खरेच. पण कालपर्यंत चालणारे कापड आज दंडाला का पात्र, हे समजावून सांगणारा कोणी गावात आला नाही. पावतीपुस्तक मात्र आले.

त्याच आदेशात उघड्यावरच्या कार्यक्रमांना क्षमतेच्या २५ टक्के माणसांची मर्यादा होती. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटके चालतात. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडतो आणि माणसे जमिनीवर बसतात. अशा जागेची क्षमता कोणी मोजलेली असते का? ती ठरवण्याचा अधिकार प्रशासनाला होता, आणि ते काम सोपे नव्हते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत १९१८ मध्ये मुखपट्टीची सक्ती झाली. २१ नोव्हेंबरला दुपारी भोंगा वाजवून ती उठवली, तेव्हा लोकांनी भर रस्त्यात मुखपट्ट्या काढून फेकल्या. जानेवारीत रोग उलटला, सक्ती परत आली, आणि ज्या लोकांनी पहिल्या वेळी निमूट ऐकले त्यांनीच आता मुखपट्टीविरोधी संघ काढला. १ फेब्रुवारी १९१९ ला सक्ती गेली. पहिल्या वेळी दिलेली सूट मागे घेतली की दुसऱ्या वेळी माणूस ऐकत नाही, हे तिथे शंभर वर्षांपूर्वी दिसले होते.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. भंडारा शून्यावर आला म्हणून नागपूरची गाडी वरठीच्या स्थानकावर थांबायची राहिली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आलीच. 'आम्ही सांगत होतो' असे म्हणण्याचा हक्क त्यांना मिळाला. पण ती लाट ओसरल्यावर मार्च २०२२ मध्ये लसीकरणाच्या टक्केवारीवरून चौदा जिल्ह्यांना मोठी सवलत दिली गेली, त्यांत भंडारा होते. किती टक्के झाले की काय सुटेल, हे तेव्हा आकड्यांत लिहून दिले होते. तो आकडा गाठणे लोकांच्या हातात होते. तशी कसोटी ऑगस्टमध्येच का लिहून दिली नाही, हा माझा प्रश्न आहे.

पाडव्याला मुखपट्टी ऐच्छिक झाली. रेल्वेचा हिशोब मात्र तिथे मिटला नाही. साथीच्या काळात पॅसेंजर गाड्या 'विशेष' म्हणून धावू लागल्या आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० वर गेले. भंडारा रोडहून तुमसर रोडला जाणारा माणूस मुखपट्टी काढल्यावरही तेच भाडे देत होता. जुने दर परत आले ते फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस. ज्येष्ठांची भाडेसवलत २० मार्च २०२० पासून काढून घेतली होती. वृद्धांनी अनावश्यक प्रवास टाळावा, असे तेव्हा कारण दिले गेले. मार्च २०२५ मध्ये त्याला पाच वर्षे झाली, तोवर ती परत आलेली नव्हती.