पुराचुंबकत्व

खडक तयार होताना त्यात कायम झालेले, त्या काळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणारे चुंबकत्व. तसेच त्याचा अभ्यास (पहा : भूचुंबकत्व).

व्युत्पत्ती : संस्कृत ‘पुरा’ (पूर्वी) + ‘चुंबक’ + भाववाचक ‘त्व’. ‘चुंबक’ हा शब्द ‘चुम्ब्’ (मुका घेणे) या धातूपासून आला. ‘पॅलिओमॅग्नेटिझम’ या संज्ञेत ग्रीक ‘पॅलायॉस’ (जुना) आणि ‘मॅग्नेस लिथोस’ (मॅग्नेशियाचा दगड) हे शब्द आहेत. ग्रीक नाव दगडाच्या प्रदेशावरून पडले, संस्कृत नाव त्याच्या गुणावरून.

वैशिष्ट्ये : लाव्हा थिजून एका ठरावीक तापमानाखाली निवू लागला, की त्यातील मॅग्नेटाइटाचे कण तत्कालीन क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात. शुद्ध मॅग्नेटाइटासाठी ही तापमानमर्यादा सु. ५८०° से. आहे (पहा : क्यूरी तापमान). क्षेत्र उलटे असेल, तर नोंदही उलटी होते. बेर्नार ब्रून यांनी फ्रान्समध्ये १९०६ साली असे खडक दाखवले.

महत्त्व : पुणे जिल्ह्याच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील पासली, तोरणा, राजगड हा सारा मुलूख दक्षिण ट्रॅपच्या काळ्या बेसाल्टाचा, वय सु. ६.६ कोटी वर्षे. सह्याद्रीच्या कड्यांत एकावर एक दिसणारे थर म्हणजे लाव्ह्याचे स्वतंत्र प्रवाह असून प्रत्येकात त्याच्या काळचे क्षेत्र नोंदले गेले आहे. महाबळेश्वरच्या घाटात खालचे प्रवाह उलट्या, वरचे सुलट्या ध्रुवतेचे आढळतात. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दक्षिण ट्रॅपवरील मापने प्रसिद्ध केली. लाव्हा वाहिला तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, असे त्यांतून निष्पन्न झाले (पहा : खंडविप्लव).