झडती आणि जंतू

सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून डॉ. यशवंतरावांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आणले होते. त्या सेवेतच त्यांना लागण झाली. त्याच महिन्यात वॉल्टर रँडच्या हुकमाने गोरे सोल्जर पुण्यात घरोघरी, माजघर-देवघरापर्यंत शिरून रोगी शोधू लागले. त्या जाचाचा सूड चापेकर बंधूंनी २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत घेतला.

प्लेगचा जंतू तेव्हा ठाऊक होता. अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला तो शोधला होता. मात्र पिसवेच्या चाव्यातून शरीरात शिरल्यावर तो पहिल्या काही तासांत काय करतो, हे कळायला साठेक वर्षे जावी लागली.

पिसवेचे अंग भोवतालच्या हवेइतकेच उबदार असते, आपले ३७ अंश. या फरकासरशी जंतूची काही जनुके थांबतात, काही कामाला लागतात. पिसवेत तो चिकट थर धरून तिचा अन्नमार्ग बुजवतो. उपाशी पिसू मग पुन्हा पुन्हा चावते. माणसाच्या उबेत तो थर मागे पडतो आणि एफ-१ या प्रथिनाचे कवच बनू लागते. कवच पुरे व्हायला काही तास लागतात. तोवर रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी जंतूंना गिळून बहुतेकांना मारतात. पण १९५९ मध्ये कॅव्हनॉ आणि रँडल यांनी दाखवले, की मोठ्या भक्षक पेशींनी गिळलेले जंतू तिथेच वाढतात आणि कवच घेऊन बाहेर पडतात. मग त्यांना गिळणे अवघड होते.

आता पेशीत दडलेल्या जंतूचा आरएनए वाचून कोणते जनुक केव्हा चालू झाले, ते पाहता येते. काम किचकट आहे, कारण पेशीच्या स्वतःच्या आरएनएपुढे जंतूचा वाटा अगदी थोडा असतो. जनुके निकामी करून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट कळली: ‘फॉ-पी’ हे नियंत्रक प्रथिन नसेल, तर जंतू भक्षक पेशीत नीट तग धरत नाही.

काखेत किंवा जांघेत गाठ दिसली, की सोल्जर माणसाला धरून नेत. पेशीतला जंतूचा मुक्काम त्याआधीच सुरू झालेला असे. हे तेव्हा सरकारला माहीत नव्हते, सावित्रीबाईंनाही नव्हते. त्याच अज्ञानात सरकारने घरांची झडती घेतली आणि सावित्रीबाईंनी आजारी मूल उचलून घेतले.