‘बीच’ म्हणजे एके काळी नुसते गोटे! : समुद्रकाठच्या इंग्रजी शब्दांचा इतिहास

१/ लंडनमधील ‘स्ट्रँड’ या प्रसिद्ध रस्त्याच्या नावाचा अर्थ आहे ‘काठ’. पण तिथे उभे राहिल्यास पाणी दिसत नाही. मग हा काठ कशाचा?

२/ ‘स्ट्रँड’ हा अँग्लो-सॅक्सन काळापासूनचा शब्द. जर्मन व डच भाषांतही तो नांदतो. काठावर रुतलेले जहाज ‘स्ट्रँडेड’ ठरे. पुढे वाटेत अडकलेली माणसेही ‘स्ट्रँडेड’ झाली.

३/ पूर्वी थेम्स नदी या रस्त्याच्या बरीच जवळ होती. १६२६ च्या सुमारास ड्यूक ऑफ बकिंगहॅमच्या वाड्यासाठी यॉर्क वॉटरगेट बांधले गेले. नावेतून आलेले पाहुणे तिथे उतरत. १८७० मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या भरावाने नदी मागे सरली. आज हे द्वार पाण्यापासून सुमारे १५० यार्डांवर, एका बागेत उभे आहे. काठ गेला, नाव उरले.

४/ ‘कोस्ट’ची वाट निराळी. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा जो ओघ इंग्रजीत आला, त्यातला हा एक. त्याचे मूळ लॅटिन ‘कोस्टा’, म्हणजे बरगडी. किनारा ही जणू भूमीची कूस!

५/ सर्वांत रंजक कथा ‘बीच’ची. सोळाव्या शतकातील नोंदींत या शब्दाचा अर्थ होता लाटांनी झिजलेले गोटे. केंट व ससेक्सच्या बोलीत तो अर्थ पुढेही टिकला. गोट्यांचे नाव हळूहळू ते जिथे पसरलेले असत त्या जागेला मिळाले आणि अखेर वाळूचा किनाराही ‘बीच’ झाला.

६/ डॉर्सेटमधील ‘चेसिल बीच’ हा सुमारे २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा बांध. ‘चेसिल’ हा शब्दही जुन्या इंग्रजीतील खड्यांच्या नावावरून आलेला. म्हणजे ‘बीच’च्या मूळ अर्थाने पाहिले, तर या नावात गोटे दोनदा आले!

७/ पण सावधान! ससेक्समधील ‘बीची हेड’ या कड्याचा ‘बीच’शी संबंध नाही. ते जुन्या फ्रेंचमधील ‘सुंदर भूशिर’ या अर्थाच्या शब्दांचे इंग्रजी जिभेवर झालेले रूप आहे. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

८/ म्हणूनच सोळाव्या शतकातील इंग्रजी कागदात ‘बीच’ दिसताच डोळ्यांसमोर वाळू आणू नये. तिथे गोटेही अभिप्रेत असू शकतात. शब्द तोच राहतो, त्याखालची जमीन सरकते. जुना कागद वाचणाऱ्याने आधी शब्दाचे वय विचारावे, मग अर्थ.