विजयदुर्ग ते वाडा : एका दिवसाची वाट



विजयदुर्गाचा इतिहास सांगावयाचा म्हटला की वक्ता आधी तटावर चढतो. शिलाहार भोजापासून आरंभ करतो, शिवकालावरून आंग्र्यांकडे येतो आणि धुळपांपाशी पाणी पिण्यास थांबतो. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत विजयदुर्ग आहे, त्यामुळे आता तटावर गर्दी अधिकच होणार. ती व्हावी. मी मात्र आपणांस तटावरून खाली उतरवून रामेश्वर, गिर्ये, पडवणे या गावांवरून वाड्यापर्यंत पायी नेणार आहे. दिवस पुरतो. उन्हे चढण्यापूर्वी निघावे आणि पाणी बरोबर घ्यावे, कारण सड्यावर सावली नाही.

पहिला मुक्काम धक्क्यावर. येथेच १२ फेब्रुवारी १७५६ रोजी वॉटसन व क्लाइव्ह यांच्या तोफांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. एका गलबतास आग लागली आणि गलबते एकमेकांस बांधलेली असल्याने सारी पेटली. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी, की मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रजांनी लुटीचे वाटे ठरविले होते आणि त्यांत सोबतीस आलेल्या पेशव्यांच्या फौजेचा वाटा नव्हता. लूट निघाली सुमारे दहा लाख रुपयांची. आम्ही कामगार-चळवळीतली माणसे करार वाचण्यात आयुष्य घालवितो. इतका आगाऊ आणि इतका नीट लिहिलेला करार मालकाकडून आम्हांस क्वचितच मिळाला. किल्लाही ठरल्याप्रमाणे लगेच परत केला नाही. बाणकोट पदरात पडल्यावर मग सोडला.

याच धक्क्यावरून पुढे मुंबईची आगबोट धरीत. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून उतारू तिच्यावर चढत. गाठोडे, सुकी मासळी, आणि गिरणीत बदली म्हणून लागलेल्या चुलत्याचा पत्ता! १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. जिल्ह्याचे पहिले वर्षही पुरे झाले नव्हते, आणि घरोघरी मनीऑर्डर थांबली. आता आगबोटही नाही आणि गिरण्याही नाहीत.

खाडीच्या कडेने थोडे आत गेले की गिर्ये-रामेश्वराच्या बाजूला आंग्र्यांच्या काळची म्हणून सांगितली जाणारी गोदी लागते. लांबी सुमारे साडेतीनशे फूट, रुंदी सव्वादोनशे. येथे घटकाभर बसावे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे, ओहोटीला ते कोरडे पडे. मग तळाला चिकटलेली कालवे खरवडावयाची, फळ्यांच्या फटी बुजवावयाच्या आणि पुढच्या भरतीची वाट पाहावयाची. कामाचा भोंगा समुद्र वाजवीत असे! तोफ डागणारा गोलंदाज बखरीत येतो. कातळ फोडून ही जागा करणारे हात येत नाहीत. आरमारावर गाबीत, भंडारी, दालदी ही माणसे होती. ज्या जहाजाची डागडुजी नीट झाली नाही ते लढाईपूर्वीच बुडते, एवढे ध्यानात घेतले तर गोदीचे मोल तोफेहून उणे ठरत नाही.

रामेश्वराच्या देवळाला जाणारी वाटही कातळ कापून केली आहे. तेथे संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. नमस्कार करून सड्यावर चढावे.

सड्यावर जांभ्याचे रचलेले गडगे लागतात, चुन्याचा थेंबही नाही. आत हापूसची कलमे. या कातळावर झाड कसे लागले? सुरुंग लावून खड्डे केले आणि माती डोक्यावरून वाहून भरली. ही माती बहुतेक बायांनी वाहिली, आणि तिचा हिशेब हापूसच्या कौतुकात कधी येत नाही.

इटलीच्या किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे म्हणून पाच गावे आहेत. तेथेही गावागावांना जोडणारी पायवाट आहे आणि उभ्या कड्यावर सुक्या दगडांच्या बांधांवर द्राक्षमळे आहेत. १९९७ मध्ये जागतिक वारसा ठरले ते तेथील एखादे देऊळ नव्हे, तो सारा बांधबंदिस्तीचा प्रदेशच. आमच्या किनाऱ्यावर यादीत किल्ला गेला. गडगा गेला नाही. परंतु तेथेही मळे सोडून माणसे शहरात गेली. न दुरुस्त केलेले बांध कोसळतात, डोंगर सुटतो. ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत त्यांतील दोन गावे चिखलाने भरली, तेव्हा पडीक बांधांची आठवण सर्वांस झाली.

आमचे गडगे अजून बरेच उभे आहेत, कारण ते उभे करणारी माणसे बदलली. हंगामात बागेच्या खोपीत नेपाळहून आलेले कुटुंब राहते. तेच राखण करते, फवारणी करते, आंबे उतरविते. आमची मुले मुंबईस गेली, त्यांची येथे आली. मुंबईत आमच्या गाववाल्यांना निदान गावकीची खोली होती, युनियन होती, हजेरीचे कार्ड होते. या खोपीत काय आहे? हंगाम संपल्यावर पैसे हातात पडतात ते किती, आणि आधीच्या उचलीतून किती वळते होतात? झाडावरून पडून कोणी जायबंदी झाला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? वाटेत खोप लागेल तेथे थांबावे, पाणी मागावे आणि हे विचारावे. आम्ही गिरणीच्या दारात पन्नास वर्षे हेच विचारीत होतो.

पडवण्याला वाळू लागते, पाय भिजवावे. पुढे वाड्याला विमलेश्वराचे कातळात कोरलेले देऊळ आहे. तेथे पोचेपर्यंत सूर्य समुद्राला टेकतो.