खानदेशचा हरवलेला पिंगळा

धुळ्यात काय किंवा जळगावात काय, पिंगळा पाहिला नाही असा माणूस विरळा. जुन्या घराच्या भिंतीतलं भोक, कडुनिंबाची ढोली, विजेची तार, कुठेही तो बसलेला असतो. तिन्हीसांजेला त्याचा कलकलाट सुरू होतो. त्याला अशुभ मानणारेही आहेत. पण याच पिंगळ्याच्या एका भाऊबंदाने खानदेशचं नाव जगभरच्या पक्षीअभ्यासकांपर्यंत नेलं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

तो भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. 1873 साली ॲलन ह्यूम यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव आपण इतिहासात शिकलो, तेच हे ह्यूम. त्यांचा नमुना मध्य भारताच्या पूर्वेकडच्या जंगलातला होता. पुढे जेम्स डेव्हिडसन हे सनदी अधिकारी खानदेशात नोकरीला होते. तेव्हा अख्ख्या खानदेशचा कारभार धुळ्याहून चाले. डेव्हिडसनसाहेबांना पक्ष्यांचा भारी नाद. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी त्यांनी ह्यूम यांच्या नियतकालिकात छापली. शहादा-तळोदा भागात त्यांना रानपिंगळे मिळाले. प्रत्येक नमुन्याला जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून त्यांनी ते जपले. त्यांतला शेवटचा 1884 चा. त्यानंतर हा पक्षी जणू गडप झाला. जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे उणेपुरे सात नमुने उरले.

खरी गंमत पुढेच आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. तो 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचं त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. त्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांचे शोधही रिकाम्या हाती परतले. पक्षी नामशेष झाला असावा, असं बोललं जाऊ लागलं.

पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेला मात्र त्या चिठ्ठीचा संशय आला. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, त्याची क्ष-किरण चित्रंही काढली. पक्ष्याचं कातडं भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते. या नमुन्यात आतलं मूळ काम डेव्हिडसन यांच्या हाताचं निघालं. म्हणजे संग्रहालयातला डेव्हिडसनांचाच पक्षी चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती!

खोटी चिठ्ठी बाद झाल्यावर जुन्या खऱ्या चिठ्ठ्याच तेवढ्या उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडच्या जागा धुंडाळल्या आणि मग ते शहाद्याकडे आले. नोव्हेंबर 1997 मधल्या एका सकाळी, लख्ख उजेडात, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर रानपिंगळा बसलेला दिसला. तब्बल 113 वर्षांनी! नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला, म्हणजे त्या दिवशी शहादा आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. पुढे तोरणमाळ, मेळघाट आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही त्याच्या नोंदी झाल्या. पक्षी कुठे गेलाच नव्हता, शोधणारे भलतीकडे पाहत होते. तरी तो आजही संकटग्रस्त आहे, कारण सातपुड्यातलं सागाचं जंगल विरळ होत चाललं आहे.

तो ओळखायचा कसा? गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास साधं असतं. त्याचे पंख आणि शेपटी यांवरचे पट्टे ठळक असतात. शिवाय तो दिवसाढवळ्या वावरतो.

बारकाईने पाहणारी नजर आपल्या मातीला नवी नाही. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, औषधी वनस्पतींचे मोठे अभ्यासक. धरणगावच्या त्र्यंबक ठोमरे या मुलाला ‘बालकवी’ ही ओळख मिळाली ती तिथेच. आणि असोद्याच्या बहिणाबाईंनी सुगरणीचा खोपा किती निरखला होता, हे आपण शाळेतच शिकलो.

म्हणून गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना एक सुचवावंसं वाटतं. आपल्या शाळेत एक नोंदवही ठेवू या. मेहरूण तलावावर, पांझरेच्या काठी, लळिंगच्या कुरणात किंवा अगदी शाळेच्या कडुनिंबावर मुलांना जे दिसेल ते तारीख आणि जागेसह त्यांनी लिहावं. पक्षी साधा असला तरी चालेल, नोंद मात्र खरी हवी. डेव्हिडसनांनी लिहिलेल्या चार ओळी शंभर वर्षांहून अधिक काळानंतर उपयोगी पडल्या. आज आपली मुलं लिहितील त्या कधी आणि कोणाला उपयोगी पडतील, कोणी सांगावं!