प्रार्थनेचे उत्तर (ख्रिस्ती धर्मविचार)

देवाजवळ मागितलेले मिळाले किंवा मिळाले नाही, तर ख्रिस्ती माणूस त्याचा अर्थ कसा लावतो, यासंबंधीचा विचार. स्तुती, आभार, पापकबुली आणि विनंती हे प्रार्थनेचे नेहमीचे प्रकार होत. उत्तराचा प्रश्न मुख्यतः विनंतीत आणि दुसऱ्यासाठी केलेल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत उभा राहतो. आजारातून कोणी उठले, नोकरी लागली, पाऊस वेळेवर आला की मराठी ख्रिस्ती घरांत ‘प्रभूने ऐकले’ असे सहज म्हटले जाते आणि सभेत उभे राहून तशी साक्षही दिली जाते. जे मिळाले नाही त्याची साक्ष क्वचितच कोणी देतो. या विषयाची खरी कसोटी मात्र तिथेच लागते.

बायबलने दोन्ही बाजू नोंदवून ठेवल्या आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात (७:७) येशू शिष्यांना मागायला सांगतो आणि मिळण्याचे वचन देतो. त्याच शुभवर्तमानात (२६:३९) तो स्वतः गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून पित्याची विनवणी करतो, आणि पुढे क्रुसावर जातो. हन्नेला मागितलेले मूल मिळते (१ शमुवेल १), तर दाविदाने उपास करून, रात्र रात्र जमिनीवर पडून ज्याचा जीव मागितला ते मूल सातव्या दिवशी दगावते (२ शमुवेल १२). शरीरातला काटा जावा म्हणून पौल तीनदा विनवतो. काटा जात नाही. तो सोसायला कृपा पुरेल, एवढेच त्याला कळते (२ करिंथ १२). स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनी दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत ते म्हणतात.

न मिळाल्याची कारणे परंपरेने अनेक सांगितली आहेत. याकोबाचे पत्र (४:३) मागणाऱ्याच्या हेतूकडे बोट दाखवते. संत ऑगस्टीन आपल्या आईची हकिकत सांगतो. मुलाने समुद्र ओलांडून रोमला जाऊ नये म्हणून मोनिकाने रडून मागणे केले, तरी तो गेला. पण त्याच प्रवासातून पुढे तो मिलानला पोहोचून ख्रिस्ती झाला, म्हणजे जन्मभर तिने जे मागितले होते ते तिला मिळाले. थॉमस अक्वायनसच्या मते प्रार्थना देवाचे मन पालटत नाही. काही गोष्टी प्रार्थनेच्या वाटेनेच घडाव्यात, असे देवानेच योजलेले असते. ही उत्तरे विचाराला आधार देतात. नुकतेच मूल गेलेल्या आईपुढे ती ठेवताना मात्र फार जपावे लागते. ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे उत्तर तर टाकूनच द्यावे, कारण ते पौलालाही लागू होत नाही आणि गेथशेमानेतल्या येशूलाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत खोल अनुभव पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) आयुष्यात दिसतो. त्यांच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे तीर्थयात्रा, जप, उपास आणि दानधर्म केला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. देवांनी ऐकले नाही, ही जखम १९०७ च्या आत्मकथनपर ‘टेस्टिमनी’त उघड आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र वाचले. म्यूलरने कोणाजवळ पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवले होते. केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हाच मार्ग धरला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसह शेकडो जणींचा सांभाळ तिथे झाला. १९०५ च्या आरंभी मुलींचा प्रार्थनागट सुरू झाला आणि जूनमध्ये आश्रमात मोठी आध्यात्मिक जागृती झाली. हे सारे रमाबाई उत्तर म्हणूनच सांगत. पण २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, आश्रमाचा भार जिच्यावर सोपवायचा होता तीच, त्यांच्या आधी गेली. त्यानंतरही त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. ते हातावेगळे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. पहिल्या देवांच्या मौनाने त्या दूर गेल्या, दुसऱ्या मौनात मात्र तिथेच राहिल्या. हा फरक युक्तिवादाने सुटणारा नाही. ज्याच्याशी नाते जडले आहे त्याचे मौन आणि ज्याच्याशी केवळ देणेघेणे होते त्याचे मौन एकसारखे सोसवत नाही, असे त्यांच्या आयुष्यावरून म्हणता येते.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत हाच प्रश्न वेगळ्या भूमीवर उभा राहतो. वारली समाजात दुखणे आले की भगत देवाला विचारतो, कोणते दैवत रुसले ते सांगतो आणि मग कोंबडा-नारळाचा नवस फेडला जातो. या व्यवहाराला स्वतःची शिस्त आहे: दिले की मिळावे, मिळाले की द्यावे. ख्रिस्ती शिकवणीत कृपा विकत मिळत नाही. तरी नवसाची सवय ख्रिस्ती मनातूनही गेलेली नाही; वांद्र्याच्या मोतमाउलीला बरे झालेल्या अवयवाची मेणाची प्रतिकृती वाहणारे कॅथलिक त्याच वाटेने चालतात. आभार म्हणून ती वाहिली तर त्यात गैर काही नाही. ती किंमत म्हणून मोजली, तर न मिळालेल्याचा हिशेब कधीच जुळत नाही.

या भागातले कॅथलिक १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात येतात. तलासरीला येशूसंघीयांचे ज्ञानमाता सदन आहे. प्रॉटेस्टंटांमध्ये अमेरिकेतील ‘चर्च ऑफ द ब्रदरन’चे काम जुने आहे. १८९४ मध्ये भारताकडे निघालेल्या या मिशनने आधी वलसाडला आणि पुढे डहाणूत केंद्र उभारले; १९७० मध्ये त्याच्या मंडळ्या उत्तर भारताच्या मंडळीत सामील झाल्या. याकोबाच्या पत्राप्रमाणे (५:१४) आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करणे हा ब्रदरनांचा नेमाचा विधी, आणि डहाणूत रुग्णालय चालवले तेही त्यांनीच. तेल आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत, ही समज या भागाला त्यांच्या कामातून मिळाली आणि ती मोलाची आहे. औषध टाकून केवळ प्रार्थनेवर विसंबायला लावणारी शिकवण जिथे जिथे शिरते, तिथे न ऐकलेल्या प्रार्थनेचे ओझे रोग्याच्याच माथी येते.

नोव्हेंबर २०१८ पासून या दोन्ही तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपासची कुटुंबे थंडीत घराबाहेर तंबूंत झोपू लागली. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्यांच्या वेळी बाहेर पळताना पडून एक लहान मुलगी दगावली. अशा संकटात वाचलेल्याची साक्ष देताना न वाचलेल्याच्या घरचे ऐकत आहेत, याचे भान साक्षीदाराला ठेवावे लागते.

प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचेही प्रयत्न झाले. २००६ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ठाऊक नसलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी ती झाली त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण ५२ टक्के होते, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१. प्रार्थना होणारच हे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले. अनेक ख्रिस्ती विचारवंतांनी हा निष्कर्ष शांतपणे स्वीकारला. देवाची परीक्षा पाहू नये, असे येशूनेच सैतानाला सांगितले होते (मत्तय ४:७). शिवाय अनोळखी माणसाचे नाव यादीवरून वाचणे आणि खाटेशेजारी बसून त्याच्यासाठी मागणे यांत फार अंतर आहे. शेजारच्या आजाऱ्याकडे मंडळीतली माणसे जातात, भात रांधून ठेवतात, रात्री जागतात आणि मागतात. तो बरा झाला नाही तरी ती पुन्हा त्याच घरी जातात.